एका अडकित्त्यासाठी पुण्याला

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. पितळी, लोखंडी, नक्षीचे, साधे. एखाद्याला घोड्याचं तोंड, एखाद्याला पोपटाची चोच, तर कुठे दोन मुठींच्या जागी एक बाई आणि एक पुरुष. माझी मुलगी सात वर्षांची असताना मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून तिथे गेलो होतो. ती या अडकित्त्यांपुढे जी उभी राहिली ती हलेना. बरोबर माझ्या सासूबाई होत्या. त्यांनी चष्मा पुसला, काचेजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या आईकडे होता की असा. पण त्याला मोर नव्हता.” पुढचा अर्धा तास तिथेच गेला. सुपारी बोटांत कशी धरायची, बोट कसं वाचवायचं, खांड म्हणजे काय आणि बारीक कातरलेली सुपारी कुणासाठी, लग्नघरी सुपारी कातरायला बसलेल्या बायका काय काय बोलायच्या, सगळं निघालं. वरचे मजले राहूनच गेले. नातीला त्याचं काही वाटलं नाही, आजीला नाही आणि मलाही नाही.

मला वाटलं नाही, कारण दोनच वर्षांपूर्वी मी याच्या अगदी उलट करून पाहिलं होतं. थोरल्याला घेऊन एका मोठ्या संग्रहालयात गेले होते. एवढ्या लांब आलोय, तिकीट काढलंय, तर सगळं पाहूनच जाऊ, या हिशेबाने भर दुपारी त्याला दालनामागून दालन फिरवलं, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवली. दगडी मूर्तींच्या तिसऱ्या दालनात त्याने फरशीवर बसकण मारली आणि रडायला लागला. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, काय पाहिलंस रे? तो म्हणाला, “तिथे खूप जिने आहेत.” सहा वर्षांच्या मुलाचं ते खरं उत्तर होतं. त्याच्या पायांनी जे पाहिलं तेच त्याच्या लक्षात राहिलं.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना संग्रहालयात न्यायचं ठरवत असाल, तर एवढं मनाशी धरा: एका वस्तूसाठी जा. फार तर एका दालनासाठी. बाकी वाटेत जे नजरेला पडेल ते वरकमाई. केळकर संग्रहालयाचंच बघा. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत, पण मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. म्हणजे खुद्द संग्रहालयालाही आठ वस्तूंतली एकच दाखवता येते. मग आपण एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट का धरावा?

एका वस्तूची ओढ किती असते ते आमच्या साताऱ्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. जुलै 2024मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनाला आली. तळहातात मावेल एवढी वस्तू, पण ती पाहायला गावोगावची मुलं आली. त्यातल्या कितीतरी मुलांनी त्याआधी संग्रहालयाची पायरी चढली नसेल.

कुठे जायचं, कुणाला घेऊन

जागा निवडताना आधी मुलाचा स्वभाव बघा, मग अंतर आणि मग संग्रहालयाचं नाव. ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत त्याला काचेच्या कपाटांपुढे उभं करणं ही त्याला शिक्षाच. असं मूल मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यावं. 1985 सालापासून चाललेलं हे केंद्र मुळात हात लावण्यासाठीच आहे. दांडा फिरवा, बटण दाबा, आरशात वेडंवाकडं दिसा, आणि हे असं का झालं ते शोधा. बाहेरच्या बागेत वाफेचं जुनं इंजिन आहे, मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान आहे. बागेत सकाळी आधी फिरून घ्यावं, ऊन चढलं की आत शिरावं. नागपूरकरांसाठी हेच काम गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र करतं. ते 1992 साली सुरू झालं आणि तिथे तारांगणही आहे. मे महिन्यातल्या नागपुरात अंधाऱ्या, गार तारांगणात बसून तारे पाहणं काय असतं हे नागपूरच्या पोरांनाच विचारा.

मुंबईत पहिल्यांदा संग्रहालय पाहणाऱ्या मुलांसाठी माझी पसंती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला. एक तर ते आटोपशीर आहे, तास-दीड तासात दमछाक न होता बघून होतं. दुसरं म्हणजे ते राणीच्या बागेतच आहे. सकाळी उघडल्या उघडल्या प्राणी आणि पेंग्विन पाहावेत, आणि अकरा-साडेअकराला उन्हाचा ताव वाढला की संग्रहालयात यावं. पेंग्विन झाल्यावर मुलं संग्रहालयाला नाक मुरडतील अशी भीती वाटत असेल, तर दाराबाहेरच्या दगडी हत्तीपासून सुरुवात करा. त्याची गोष्ट मुलांना हमखास धरून ठेवते. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि 1914 साली पुन्हा जोडले. मुलांना एवढं सांगून गप्प बसा. मग ती स्वतःच त्याच्याभोवती फिरून सांधे शोधायला लागतात.

आत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. जुन्या मुंबईतली तऱ्हेतऱ्हेची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी, काम करणारे कारागीर. पागोटी मोजायला सांगितली तरी मुलं वीस मिनिटं रमतात. हे संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट यांचं नाव होतं. 1975 साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. ते पेशाने डॉक्टर, विद्येने संशोधक, आणि या संग्रहालयासाठी वर्गणी उभी करण्यात पुढे असलेले. मुलांना एवढं सांगावंसं वाटलं तर सांगा, पण पागोट्यांनंतर. एक लक्षात ठेवा: बुधवारी बागही बंद असते आणि संग्रहालयही.

फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र मोठं आहे, फार मोठं. तिथे ‘एक वस्तू’ हा नियम कसोशीने पाळावा लागतो. नैसर्गिक इतिहासाच्या दालनातले पक्षी आणि प्राणी एवढ्यासाठीच एक खेप करावी, आणि वरच्या मजल्यांसाठी पुढचं वर्ष ठेवावं. आवारात 2019 साली मुलांसाठी वेगळं संग्रहालय सुरू झालं आहे, पाच-सहा वर्षांच्या मुलांना तेच पुरे. इमारतीची गोष्ट मोठ्या मुलांना आवडते. पायाचा दगड 1905 साली बसवला, इमारत 1914पर्यंत उभी राहिली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्या दालनांत जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती 1922 साली. आपण उभे आहोत तिथे खाटा होत्या, हे ऐकून माझा भाचा बराच वेळ छताकडे बघत राहिला होता.

पुण्यात लहान मुलं असतील तर कर्वे रस्त्याच्या बाजूचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं हे छोटं शहर 1998 साली लोकांसाठी खुलं झालं. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. मुख्य म्हणजे खेळ सुरू झाला की बसून बघायचं असतं, त्यामुळे पायांना विश्रांती. केळकर संग्रहालय मात्र आजी-आजोबांबरोबर बघायची जागा आहे. तिथले दिवे, कुलपं, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी, अंग घासायच्या वज्री त्यांच्या पिढीने वापरलेल्या आहेत. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमाराला या वस्तू जमवायला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, जो लहानपणीच गेला. आपल्या मुलाच्या आठवणीसाठी एका बापाने हे सगळं जमवलं आणि 1962 साली सरकारच्या हवाली केलं. ही गोष्ट दारातच सांगावी की नाही, याचा निर्णय आपलं मूल ओळखून घ्यावा. मी दहा वर्षांच्या आत सांगितली नाही.

कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. उघड्यावर उभं केलेलं आख्खं गाव, त्यात माणसांच्या आकाराचे शेकडो पुतळे: चाकावर बसलेला कुंभार, भात्याशी लोहार, न्हावी, चांभार, बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार. विहिरीवरची मोट, मळणी, पारावर बसलेले म्हातारे. शहरातल्या मुलांना मोट म्हणजे काय हे पुस्तकातून कधी कळत नाही, इथे एका नजरेत कळतं. मोठ्यांनी मात्र एक करावं. कोण कुठल्या कामाला बांधलेला होता, ते काम त्याला सोडता येत होतं का, आणि बलुत्यात त्याच्या वाट्याला काय येत होतं, हेही मोठ्या मुलांशी बोलावं. चित्र देखणं आहे म्हणून जुना गाव सगळा सुखाचा होता, अशी समजूत होऊन मुलं घरी येऊ नयेत. आणि हो, इथे उन्हात फिरायचं आहे. सकाळी लवकर पोहोचा, नाही तर चार वाजता.

गर्दीचा कंटाळा असणाऱ्यांनी औंधला जावं. सातारा जिल्ह्यातल्या या लहानशा गावात टेकडीच्या चढावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली सुरू केलं. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं तिथे भिंतीवर आहेत, आणि इंग्लंडचा जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर याचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्पही आहे. माझी मुलगी त्या शिल्पापुढे म्हणाली, “यात आईचे डोळे कुठे आहेत?” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं आणि ते बरंच झालं. ती परतीच्या वाटेवर मळलेल्या कणकेचं तसं शिल्प करायचे बेत रचत होती. वर यमाईचं देऊळ आहे, पण तिथे ऊन उतरल्यावरच चढावं.

नाशिककरांना सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जवळ आहे, आणि दगड गोळा करून खिसे फाडणाऱ्या मुलांना त्याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून आपला दख्खनचा काळा दगड झाला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत झिरपणाऱ्या पाण्याने हळूहळू स्फटिक घडवले. पांढरे, हिरवे, गुलाबी. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारं गडद निळं कॅव्हॅन्साइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात. घाटात एसटी वळण घेते तेव्हा खिडकीतून दिसणारा कडा तोच काळा दगड आहे, हे जाताना दाखवावं. मग आतले स्फटिक परके वाटत नाहीत.

बाकीच्या जागांचा झटपट उल्लेख करते. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय 1994चं. रणगाडे उघड्यावर आहेत आणि मे महिन्यात लोखंड चटका देतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळच. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय 1863चं. तिथे त्याला अजब बंगला म्हणतात, आणि मुलांना आधी हे नाव सांगितलं तर ती आपणहून पुढे धावतात. त्याच शहरात नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालयही आहे. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन हे चार पंख्यांचं जुनं विमान पाहून मोठी माणसंही लहान होतात. बाणावलीचं गोवा चित्र म्हणजे शेतीची आणि घरकामाची चार हजारांवर जुनी अवजारं. समुद्रावरून अंगाला वाळू लागलेल्या मुलांना तिथे नेऊ नका, दिवस वेगळा ठेवा.

उन्हाचं, तिकिटाचं आणि डब्याचं

बहुतेक संग्रहालयं सकाळी दहाच्या सुमारास उघडतात. त्या वेळेला दारात असलेलं बरं: गर्दी कमी, मुलं ताजी, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत आपण छपराखाली. गावाबाहेरून येणार असाल तर पहाटेची गाडी पकडा. मुलं गाडीत झोपून घेतात. परतीला मात्र घाई करू नका. दुपारी एक ते चार या वेळात भर उन्हात स्टँडवर ताटकळत बसण्यापेक्षा संग्रहालयाच्या आवारातल्या झाडाखाली डबा खाऊन, थोडं लवंडून निघावं.

एसटीने गेलात तर दिवस फारसा महाग पडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांना मार्च 2023पासून अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत. आजी आणि नातवंडं यांच्यासाठीच जणू हे जुळून आलं आहे. आजी-आजोबांचं वयाचं ओळखपत्र आणि मुलांचं शाळेचं ओळखपत्र विसरू नका. पुष्कळ संग्रहालयांत विद्यार्थ्यांना तिकीट कमी असतं, पण ते ओळखपत्र दाखवल्यावर. फोटोसाठी वेगळे पैसे पडतात का, ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावं.

सुट्टीचा वार आधी विचारा. बरीचशी सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. पुरातत्त्व विभागाच्या स्थळांवरची, उदाहरणार्थ जुन्या गोव्यातलं संग्रहालय, शुक्रवारी बंद असतात. मुंबईत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद. आणि वार बरोबर असला तरी आदल्या दिवशी फोन करून एक प्रश्न जरूर विचारा: आम्हाला अमुक दालन पाहायचं आहे, ते उघडं आहे ना? दुरुस्तीसाठी एखादंच दालन बंद असतं आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. सहा तास प्रवास करून कुलूप पाहिलेल्या मुलाची समजूत घालणं कठीण.

18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. तो आपल्या सुट्टीतच येतो. त्या आठवड्यात अनेक संग्रहालयांत मुलांसाठी कार्यशाळा असतात, कुठे प्रवेशही मोफत असतो. चौकशी महिन्याच्या सुरुवातीलाच करावी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेव्हा तिकडच्यांनी मेची काहिली टाळून पहिला पाऊस पडल्यावर बेत आखला तरी चालेल.

डब्याबद्दल माझं मत पक्कं आहे. दशम्या, दाण्याची चटणी, काकडी, उकडलेले बटाटे. तेलकट नको, नासणारं नको, आणि दही-भात तर दुपारपर्यंत आंबून जातो. ताक किंवा कोकम सरबत मोठ्या बाटलीत, साधं पाणी प्रत्येकाचं वेगळं. दालनात खाणं-पिणं चालत नाही आणि चालू नये. एक सांडलेली बाटली शंभर वर्षांच्या लाकडाला नडते, आणि सांडलेल्या खाऊच्या मागे मुंग्या आणि कीड येते. म्हणून आत जाण्याआधी सगळ्यांनी पोटभर पाणी प्यावं आणि मगच तिकीट काढावं. शौचालय कुठे आहे ते आपण आधी जाऊन पाहावं. मुलाला घाई लागल्यावर शोधत बसू नये. टोप्या, सुती कपडे, आणि पायांत सवयीच्या चपला. नवे बूट त्या दिवशी नकोत.

आत गेल्यावर

तीन-चार वर्षांचं मूल अर्धा तास टिकतं, सहा-आठ वर्षांचं तासभर, त्याहून मोठं मध्ये बसायला मिळालं तर दोन तास. हा माझा अनुभव आहे, तुमच्या मुलाचा तुम्ही ठरवा. पण मूल कंटाळायच्या पाच मिनिटं आधी बाहेर पडता आलं, तर पुढच्या वर्षी तेच मूल तुम्हाला ओढत नेईल.

पाट्या वाचून दाखवू नका. आधी वस्तूकडे बघू द्या आणि विचारा: हे कशासाठी वापरत असतील? मूल चुकलं तर लगेच सुधारायची घाई करू नका. माझ्या मुलीने वज्रीला ‘पितळी साबण’ म्हटलं होतं. विचार करा, किती जवळ गेली होती ती! उत्तर पाटीवर आहे, ते तिचं तिला वाचू द्या. दुसरे चांगले प्रश्न असे: याला बनवायला किती दिवस लागले असतील? हे फुटलं कसं असेल? आपल्या घरात याचं काम आता कोण करतं? या शेवटच्या प्रश्नावर आजी-आजोबा बोलायला लागतात, आणि मग आईवडिलांनी दोन पावलं मागे सरकावं.

कधी कधी मुलाच्या शेजारी उकिडवं बसून त्याच्या उंचीवरून कपाट बघा. बरेचदा असं दिसतं, की त्याला काचेवरचा उजेडच दिसत होता, वस्तू नव्हतीच. त्याला उचलून घ्या, किंवा खालच्या खणातल्या वस्तू त्याच्यासाठी शोधा. दोन मोठी माणसं असतील तर मुलं वाटून घ्यावीत. तेरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या बहिणीच्या चालीने चालायला लावलं की दोघांचाही दिवस जातो. मोठ्याच्या हाती नकाशा आणि घड्याळ द्यावं, परतीची गाडी त्याने शोधावी. तेवढी जबाबदारी मिळाली की तो ‘मी येत नाही’ म्हणायचं सोडून देतो.

‘हात लावू नको’ हे पन्नासदा म्हणण्यापेक्षा आदल्या आठवड्यात घरी एक करून बघा. पितळेचा तांब्या चिंचेने लखलखीत घासा, कोरडा करा, त्यावर मुलाचं घामेजलं बोट दाबा आणि तसाच ठेवून द्या. काही दिवसांनी ठसा काळपट उमटतो. बोटाच्या घामात मीठ असतं, तेल असतं, ते धातूला खातं. रोज शेकडो बोटं लागली तर मूर्तीचं नाक झिजेल, हे मग सांगावं लागत नाही. फ्लॅश का मारायचा नाही तेही असंच. चिटाचा परकर वर्षभर उन्हात वाळून कसा विटतो ते मुलांनी पाहिलेलं असतं. प्रकाशाने रंग उडतो, आणि एकदा उडाला की परत येत नाही.

वही न्या, पण पेन नको. शिसपेन्सिल न्या. शाई सांडली किंवा ओघळली तर नुकसान भरून निघत नाही, म्हणून काही ठिकाणी पेन आत नेऊच देत नाहीत. प्रत्येक मुलाने एक चित्र काढावं, आणि फोटो तीनच काढावेत असं ठरवून घ्या. तीनच काढायचे म्हटल्यावर निवड करावी लागते, आणि निवड करायची तर नीट बघावं लागतं. चित्र काढायला बसलेलं मूल पंधरा मिनिटं एका वस्तूकडे बघतं. मोठी माणसंसुद्धा एवढं बघत नाहीत.

दालनात बसलेल्या कर्मचाऱ्यांशी मुलांना बोलू द्या. वर्षानुवर्षं त्याच वस्तूंशेजारी बसणाऱ्या या माणसांना विचारलं की तुमची आवडती वस्तू कोणती, तर ती उठून दाखवायला येतात. औंधला एका काकांनी माझ्या मुलांना एका चित्रातल्या बाईच्या बांगड्या मोजायला लावल्या. ते बारकावे कुठल्याच पाटीवर लिहिलेले नसतात. निघताना त्यांना ‘येतो हं’ म्हणायची सवय मुलांना लावा.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला लावू नका. मुलांना ते लगेच कळतं, की सहल नव्हती, अभ्यास होता. त्यापेक्षा घरातली एक फळी किंवा कपाटाचा एक खण रिकामा करून द्या आणि म्हणा, तुमचं संग्रहालय मांडा. माळ्यावरचा कंदील, आजोबांचं फाउंटन पेन, फुटक्या कानाची चिनी मातीची बरणी, जुनी नाणी. प्रत्येक वस्तूखाली मुलाने चिठ्ठी लावायची: नाव, कशाची आहे, कुणाची होती, कुठून आली. चौथ्या प्रश्नासाठी गावाकडे फोन करावा लागतो. काका, मावशी, आत्या, सगळ्यांना कामाला लावावं लागतं. तिकिटाचे पैसे इथे वसूल होतात.

त्या पुण्याच्या फेरीनंतर सासूबाईंनी आपल्या भावाला निरोप धाडला. त्यांनी माळा धुंडाळला, आणि गणपतीला आले तेव्हा जुन्या पंच्यात गुंडाळलेला एक अडकित्ता बरोबर घेऊन आले. काळा पडलेला, एका पात्याला खाच गेलेली. तो आज आमच्या दिवाणखान्यात फळीवर आहे. खाली शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे, सात वर्षांच्या अक्षरात: ‘अडकित्ता. लोखंड. पणजीचा. वाई. याला मोर नाही.’